डिलिव्हरी मागच्या गेटने

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. आता ऑफिसला सायकलने जायचं म्हटलं की शेजारचे काका आवाज खाली आणून विचारतात, "गाडी विकली की काय?" तीच सायकल लाखाची असली आणि डोक्यावर हेल्मेट, अंगात घट्ट चड्डी असली, की चौकशी बंद. मग तो फिटनेस.

2017 साली शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, भाड्याच्या सायकलीही आल्या आणि यथावकाश दिसेनाशा झाल्या. ट्रॅक मात्र आहेत. त्यांवर उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत, डीपी बॉक्स आहे, वडापावची गाडी आहे, सिग्नल टाळणारे स्कूटरवाले आहेत. सायकल तेवढी मावत नाही.

खरी गंमत ऑफिसच्या गेटवर. वॉचमन मान वर न करता म्हणतो, "डिलिव्हरी मागच्या गेटने." आयकार्ड दाखवलं की रजिस्टर उघडतो, आणि 'गाडी नंबर'च्या रकान्यापाशी त्याचं पेन अडतं. नंबराशिवाय स्टिकर नाही, स्टिकरशिवाय पार्किंग नाही. शेवटी सायकल जनरेटरच्या बाजूला, झाडू-बादल्यांच्या सोबतीला. वर लॉबीत कंपनीचं पर्यावरण धोरण फ्रेम करून टांगलंय. त्यातही एक हिरवीगार सायकल आहे. तिला गेटवर कुणी अडवलेलं दिसत नाही.