कव्हरचा माणूस

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते तेलगावात जिथं एकमेकांना कापतात, तिथल्या टपरीवर कधीही जा, गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळलेला एक जण कपावर कप रिचवत बसलेला सापडेल. तो कबड्डीतला कव्हर. असा एकेक नमुना आसपासच्या गावागावात आहे, तेव्हा नाव कशाला घ्या?

पाय धरतो तो कॉर्नर, त्याचा फोटो पेपरात येतो. गुण आणतो तो रेडर, त्याच्यावर बोली लागते. धाव घेऊन छातीनं धडक मारायची आणि गड्याला रेषेबाहेर काढायचं, हे कव्हरचं काम. वाहवा मात्र कॉर्नरची, कारण घोट्याला पहिला हात त्याचा! लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणा नाहीतर बाद व्हा, असा नियम. रेडर बाहेर बसलेले असले, की ही तिसरी चढाई हमखास याच्या गळ्यात.

किशोर गटात 55 किलोची अट होती. वजनाच्या आदल्या दिवशी भाकर बंद, आणि काट्यावर चढताना यानं करदोडासुद्धा काढून ठेवला होता. पुढं गावोगावच्या बक्षिसाच्या स्पर्धा. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला जीप यायची. मानधन म्हणजे मटणाचं जेवण आणि परतीचं भाडं. त्यातलं भाडं बुडायचं. दसरा झाला की निम्मा संघ मायबापामागं ऊसतोडीला कोयत्यावर जायचा, पार कोल्हापूर-सांगलीकडं. उरलेल्या चौघांत हाच कव्हर, हाच कॉर्नर, आणि मैदानावर पाणी मारणाराही हाच.

मग पोलीस भरती. 1600 मीटर पळाला, गोळाही फेकला. खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला मोठ्या स्पर्धेतलं पदक लागतं. याच्याकडं पिशवीभर सहभागाची प्रमाणपत्रं, सगळी लॅमिनेशन केलेली.

2014 ला प्रो कबड्डी आली, माती गेली, मॅट आली, बूट आले. दरवर्षी लिलावाच्या दिवशी तो मोबाइल चार्ज करून बसतो. नाव दिलंय का, हे कुणी विचारायचं नाही. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पुणेरी पलटणनं दहावा हंगाम जिंकला. कर्णधार अस्लम इनामदार, शेजारच्या नगर जिल्ह्यातला. त्या रात्री चहा यानं पाजला, जसं काही पोरगं याच्याच तालमीतलं.

भाच्यानं त्याला अमेरिकेतल्या फुटबॉलचा टाइट एंड दाखवला. भिंतही तोच, चेंडू झेलणाराही तोच. कॉलेजात आधी क्वार्टरबॅक असलेला ट्रॅव्हिस केल्सी पुढं या जागेवर आला आणि 2024 ला त्याचा दोन वर्षांचा करार झाला, सुमारे 3 कोटी 42 लाख डॉलरचा. आपला कव्हर बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याला केळी तरी स्वतःच्या पैशानं आणावी लागत नसतील."

आता गुडघा संपलाय. गळीत हंगामात कारखान्यावर हंगामी कामाला जातो, एरवी शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहतो. तुमच्या गावात स्पर्धा ठेवणार असाल तर त्याला जरूर बोलवा. मानधनाला घासाघीस करत नाही. फक्त संघात एखादा गडी कमी पडलाय, हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.