फ्रेमकाका

डेक्कन क्वीनच्या पासधारकांत तऱ्हा बऱ्याच. दादर सुटताच मान टाकणारे, चौघांच्या मांड्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून रमी मांडणारे, डायनिंग कारमधल्या कटलेटबद्दल रोज तक्रार करून रोज तेच मागवणारे. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत: घरी लवकर पोचायचं. अपवाद एकच, आणि तो साधारण प्रत्येक डब्यात सापडतो. त्याला घराची घाई नसते, घाटाची असते. खरं नाव काहीही असो, आमच्यात त्याला फ्रेमकाका म्हणतात. पन्नाशी उलटलेली, कचेरी फोर्टात, खातं हिशेबाचं.

गाडी पाच दहाची. काका साडेचारलाच फलाटावर हजर. साहेबाला वाटतं, काय हो कुटुंबवत्सल माणूस! काकांना पाहिजे असते खिडकी. ‘दरी कुठल्या बाजूला दिसते हो?’ असं कुणी विचारलं तर ‘दोन्हीकडे छान आहे’ असं मोघम सांगतात आणि स्वतः इतकी वर्षं एकच बाजू धरून बसतात. एसीचं तिकीट परवडत नाही अशातला भाग नाही. पण बंद काचेत डब्यातली ट्यूबलाइट उमटते आणि ऐन धबधब्यावर समोरच्याचं टक्कल येतं. साध्या डब्यात नुसते गज. गजांशी त्यांनी तडजोड केली आहे. दारात उभं राहून फोटो काढायचा नाही, ही घरून घातलेली शपथ. ती मात्र ते खरोखर पाळतात.

कल्याण, बदलापूर, नेरळपर्यंत काका तुमच्या-आमच्यासारखेच. पेपर वाचतात, महागाईवर बोलतात. कर्जतला चढावर ढकलायला गाडीमागे बँकर इंजिनं लागतात, तो बारीक धक्का बसला की काकांच्या अंगात संचार होतो. चष्मा पुसला जातो, बॅग शेजाऱ्याच्या मांडीवर जाते (विचारण्याची पद्धत नाही) आणि समोरच्याला हुकूम सुटतो, ‘कोपर आत घ्या!’ मग नवख्या प्रवाशाला माहिती. घाटातला हा लोहमार्ग १८६३ सालचा. चढण सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. कर्जत ते लोणावळा जेमतेम २८ किलोमीटर, त्यात बोगदे पंचविसाच्या वर. नवखा म्हणतो, ‘वा!’ तेवढ्यात एक धबधबा निघून जातो आणि त्याचं खापर नवख्यावर फुटतं.

बोगदे काकांना तोंडपाठ आहेत. ठाकूरवाडी गेलं, आता उजेड, आता अंधार, मंकी हिलच्या अलीकडे पुन्हा उजेड, असं पुटपुटत ते बोट फोनवर टेकवून बसतात. एवढा हिशेब करून बटण दाबलं की समोर नेमका विजेचा खांब येतो. ओव्हरहेड वायरचे खांब काकांच्या फोटोंत इतके आहेत की रेल्वेला मोजदादीला उपयोगी पडावेत.

पावसाळ्यात दरड कोसळते, गाडी खोळंबते. डबाभर हळहळ, ‘जेवायला थांबू नकोस गं’ असे फोन. काकांचा चेहरा तेवढा उजळतो. स्थिर गाडी, भरलेली दरी, समोर राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले! पण गाडी थांबलेली असते बोगद्यात.

रात्री पासधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजचा घाट’ येतो. हिरवट धुरकट काहीतरी, मधून गज, कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर. खाली चार अंगठे आणि एक प्रश्न: ‘उद्या गाडी वेळेवर आहे का?’

हिवाळा हा काकांचा सुतकाचा काळ. जूनमध्ये सूर्य सव्वासातपर्यंत टिकतो, घाटात पुरेसा उजेड सापडतो. डिसेंबरात तो सहाच्या सुमारास मावळतो आणि कर्जतला गाडी काळोखात शिरते. मग काका अर्धी रजा टाकून दुपारचीच एखादी गाडी पकडतात. रजेच्या अर्जावर कारण लिहितात: घरगुती.

एकदा काकूंनी शक्कल लढवली. रविवारी त्यांना लोणावळ्याला, थेट राजमाची पॉइंटवर नेऊन उभं केलं. गज नाहीत, खांब नाहीत, बोगदा नाही. समोर अख्खी दरी आणि वेळच वेळ. काकांनी फोन वर धरला, खाली केला, पुन्हा वर धरला. म्हणाले, ‘हे हलत नाही गं.’ आणि भाजलेलं कणीस खायला गेले. काकूंना वाटलं, व्याधी गेली. मला विचाराल तर या माणसाला निसर्गाचं वेड कधी नव्हतंच. दिवसभर न जुळणारे आकडे जुळवायचे आणि संध्याकाळी निसटणारी दरी पकडायची, हा एकाच हाडाचा खेळ आहे. सुटलेली रक्कम दुसऱ्या दिवशी सापडते. धबधब्यासाठी मात्र पुन्हा कर्जत गाठावं लागतं. म्हणून तर स्वारी सोमवारी साडेचारला फलाटावर.

आणि खोटं कशाला बोला, हजारात एखादा फोटो असा येतो की कट्टर रमीवालासुद्धा पानं खाली ठेवून तो स्वतःच्या फोनवर मागून घेतो.

तेव्हा जूनच्या शेवटी संध्याकाळी पुण्याला निघालात आणि कर्जतनंतर अनोळखी बॅग मांडीवर येऊन पडली, तर भांडू नका. बॅग नीट धरा, कोपर आत घ्या, आणि लोणावळ्यापर्यंत त्यांना काहीही विचारू नका.