दाढ आत्ता दुखतेय, डॉक्टर

गरोदर बाईची दाढ ठणकतेय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, गालाला सूज. दाताच्या दवाखान्यात तिला फार वेळा एकच उपचार मिळतो: ‘बाळंतपणानंतर या.’

पाचव्या महिन्यात! मधले चार महिने काय लवंग चावत काढायचे?

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: बाळाला धोका नको. बरोबर. पण धोका कशाचा? सुन्न करायच्या लिग्नोकेनचा? ते गरोदरपणात चालतं. एक्स-रेचा? त्याचा रोख जबड्यावर असतो, पोटापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. दात भरणं, रूट कॅनाल, दात काढणं, तातडीची गरज असेल तर कुठल्याही महिन्यात करता येतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं हे २०१३ मध्येच लिहून ठेवलंय.

म्हणजे ज्यांच्या नावानं दंतवैद्य थांबतात, ते कधीचे ‘करा’ म्हणून मोकळे झालेत.

तरी चिठ्ठी लागतेच. ‘गायनॅककडून लिहून आणा.’ रक्तदाब वाढलेला असेल, शुगर असेल, रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, तर विचारलंच पाहिजे. पण मग दंतवैद्यानंच फोन करावा. सुजलेला गाल घेऊन बाईनं दोन दवाखान्यांत नंबर का लावायचे? साध्या फिलिंगसाठी मागितलेल्या चिठ्ठीनं बाळाचं रक्षण होत नाही. डॉक्टरचं होतं.

भीती खोटी नाही. पहिल्या तीन महिन्यांत कितीतरी गर्भपात आपोआप होतात. त्याच आठवड्यात दात काढलेला असला, की घरचे दंतवैद्याची कॉलर धरायला निघतात. त्यांनीही शहाणं व्हायला हवं. पण डॉक्टरनं स्वतःची भीती वैद्यकीय सल्ला म्हणून पेशंटच्या हातात ठेवू नये.

आणि थांबण्यात धोका नसतो, हे कुणी सांगितलं?

दाढ थांबत नाही. कीड नसेपर्यंत जाते, पू होतो, सूज जबड्याखाली उतरते. तोवर नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुखणं थांबवणारी पट्टी आणतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, जे मिळेल ते. विसाव्या आठवड्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये तसा इशाराही दिलाय. निरुपद्रवी इंजेक्शन नाकारलं आणि घातक गोळी पोटात गेली!

शिवाय ‘बाळंतपणानंतर’ म्हणजे कधी? सव्वा महिना घराबाहेर नाही. मग माहेर, मग दर दोन तासांनी दूध, मग नोकरी. महत्प्रयासानं ती पोचली, तर काही ठिकाणी पुढची पायरी तयार: ‘अंगावर पाजताय ना? मग थोडं थांबू.’

दुसरं टोकही आहे. हिरड्या साफ करा, मुदतपूर्व बाळंतपण टळेल, असं छातीठोक सांगणारे. अमेरिकेत ८२३ गरोदर स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला, २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. अर्ध्या जणींच्या हिरड्यांवर गरोदरपणातच उपचार केले, उरलेल्यांवर नंतर. मुदतपूर्व बाळंतपणं कमी झाली नाहीत. पण उपचारानं बाळांना अपायही झाला नाही, आणि हिरड्या सुधारल्या. बाईच्या हिरड्या सुधारणं, एवढं कारण पुरत नाही का?

शेवटच्या महिन्यांत काळजी घ्यावी लागते, ती अशी: तिला सपाट उताणं झोपवायचं नाही, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येते. उजव्या कुशीखाली उशी द्यायची, किंचित डावीकडे कलवायचं, काम थोडक्यात आटपायचं. पाच वर्षं बीडीएस करून बाहेर पडलेल्याला एवढं जमू नये?

उशी लागते, परवानगी नाही.

आता चिठ्ठीची दिशा बदलू या. उपचार करायचा नसेल, तर दंतवैद्यानं स्वतःच्या कागदावर लिहून द्यावं: ‘मी या पेशंटची दाढ आज बघणार नाही, कारण अमुक.’ खाली सही, शिक्का, तारीख.

बायांनो, मागून बघा.