चाकूवाल्यांच्या पंगतीत

चाकू जमवणाऱ्यांच्या मेळाव्याला प्रस्तुत लेखक गेला तो तोंडी परीक्षेला जावं तशा तयारीनं. खिशात चाकू एकही नव्हता, डोक्यात मात्र माल भरपूर. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या ‘केस’ कंपनीचे जुने चाकू कसे ओळखायचे, हे त्यानं लेकीच्या पिट्सबर्गच्या घरी बसून घोकलं होतं. नमुन्याच्या आकड्यातला पहिला अंक मुठीचा, दुसरा पात्यांचा. म्हणजे ६२२० असेल तर मूठ हाडाची, पाती दोन आणि नमुना ‘पीनट’. १९७० साली शिक्क्याखाली दहा ठिपके आले आणि पुढं दरवर्षी एकेक कमी होत गेला. सात ठिपके दिसले की साल १९७३. हे ऐकवायला लेखकाची जीभ शिवशिवत होती.

कुणी विचारलंच नाही.

टेबलामागच्या पांढऱ्या दाढीच्या आजोबांनी “या, बसा” म्हणत खुर्ची सरकवली आणि लेखकाच्या हातात एकदम तीन चाकू ठेवले. “उघडून बघा की, बघायलाच आलात ना?” पातं उघडताना कसं सरकतं ती त्याची चाल आणि जागेवर बसताना ‘टक्’ होतं तो त्याचा बोल. पाठीच्या पट्टीचा ताण नेमका असेल तर दोन्ही सुरात. आजोबा पातं अर्ध्यावर आणून कानाशी धरायचे, मग लेखकाच्या कानाशी. शेवटी न राहवून लेखकानं ठिपक्यांचा विषय काढला. “वा! माझ्या तर कधी लक्षात राहत नाही,” आजोबा म्हणाले. शेजारच्यालाही त्यांनी बोलावून ते ऐकवायला लावलं. त्यात टोमणा नव्हता, हेच लेखकाला फार लागलं. पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला अडवणूक झाल्याशिवाय आत शिरल्यासारखं वाटतच नाही.

मग त्यानं हुकमाचा एक्का काढला : अडकित्ता.

अडकित्त्याबद्दल बोलायला लागलं की लेखकाला थांबवणं घरच्यांनी केव्हाच सोडून दिलंय. त्यानं टेबलावर दोन चमचे जुळवून दाखवले. कात्रीची खीळ मध्ये असते, अडकित्त्याची टोकाला. सुपारी खीळ आणि मूठ यांच्यामध्ये, म्हणून बोटांचं थोडं बळही कठीण खांड फोडतं. वरच्या दांडीला पातं, खालची सुपारीला बूड द्यायला. बरं, एवढ्यावर कारागीर थांबेल तर! कुणी पितळेचा मोर केला, कुणी घोडा, कुणी चक्क जोडपं, म्हणजे दांड्या मिटल्या की नवरा-बायको जवळ येणार. पुण्याला आलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघा. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, पेट्या, अडकित्ते गोळा केले आणि सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. नावातला ‘राजा’ म्हणजे त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. तिथल्या पाटीवर त्या पोराचं नाव आहे.

इथं लेखकाचा आवाज जरा घोगरा झाला. आजोबांनी विचारलं, “तुमच्याकडचा कसा आहे?”

आजीचा होता. साधा, लोखंडी, जेवणं झाली की पानाच्या डब्यातून निघायचा. वाडा पाडून इमारत झाली, त्या सामानाच्या उलथापालथीत तो कुठं गेला ते कुणालाच सांगता येत नाही. आणि आजी असताना तो हातात धरायला कुणी दिला नाही : “तुला नाही जमायचं, बोट कापशील.” गाण्याच्या बैठकीत रागाचं नाव विचारणाऱ्याकडे माना वळतात, त्यातलीच ही तऱ्हा. नवख्याला असं दारातच उभं करायचं आणि मग तरुण पोरं इकडे फिरकत नाहीत म्हणून परिसंवाद भरवायचे, याची लेखकाला मनापासून चीड आहे. त्यानं स्वतःही पोरांना पुष्कळदा दारात उभं केलंय, ते सोडा.

आजोबांनी काही न बोलता खिशातून पिवळ्या हाडाच्या मुठीचा छोटा पीनट काढून पुढं केला. फुकट मात्र नाही. धारेची वस्तू भेट दिली की मैत्री तुटते अशी तिकडची समजूत, म्हणून घेणाऱ्यानं एक सेंट तरी मोजायचा. लेखकाकडे पंचवीस सेंटचं नाणं होतं. ते दिल्यावर तो क्षणभर चोवीस सेंट परत मिळतील म्हणून उभा राहिला.

“वापरा,” आजोबांनी बजावलं. “कपाटात ठेवू नका.” हे पोलाद स्टेनलेस नव्हे, वापरता वापरता त्यावर निळसर करडी झाक चढते आणि शौकीन तिच्यावर जीव टाकतात. वर्षानुवर्षं वाट बघतात, धीर नसलेले व्हिनेगर नाहीतर मोहरीचं सॉस फासतात.

चेक-इनच्या बॅगेतून पीनट पुण्यात आला तेव्हा कैऱ्या सुरू झाल्या होत्या. एका दुपारी पन्ह्याच्या कैऱ्या चिरल्या आणि पात्यावर अशी काही निळाई उतरली की लेखकानं सगळ्या कोनांतून फोटो काढून आजोबांना धाडले.

सकाळी पातं लख्ख पांढरं. सौभाग्यवतींनी भांड्यांची पावडर लावून तारेच्या घासणीनं ते निगुतीनं घासलं होतं. “कैरीचे डाग तसेच ठेवून झोपलात,” त्या म्हणाल्या. “एवढा लांबून आणलेला चाकू, धुवायला काय होतं?”