नाही हो, ॲलर्जी आहे!

आमच्या पुण्यात सर्दी कुणालाच होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ज्याचं नाक वाहतं, त्याला ॲलर्जी असते. धुळीची, खोदलेल्या रस्त्याची, समोरच्या फ्लॅटच्या कबुतरांची. ॲलर्जी नसली तर 'हवा बदलतेय ना', आणि खोकून खोकून बरगड्या धरल्या असतील तर त्याने परवा लग्नात आइस्क्रीम खाल्लेलं असतं. दोष आइस्क्रीमचा. विषाणू नावाचा प्राणी दुसऱ्यांच्या घरात असतो. आपल्या घरात फार तर घसा धरतो.

एरवी हे खपून जातं. तुम्ही मला देता, मी रिक्षावाल्याला देतो, आठवड्याभरात सगळे मोकळे. पण आमच्या दादाच्या मानेत ऑक्टोबरमध्ये गाठ निघाली. तुकडा तपासायला गेला आणि लिम्फोमा हा शब्द आमच्या घरात राहायला आला. दर २१ दिवसांनी केमो, अशा सहा. त्यातलं एक औषध लालभडक. सलाइनच्या नळीतून ते उतरताना बघून दादा म्हणाला, "कोकम सरबत चांगलं जमलंय." बँकेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्याला आकड्यांची भीती नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याला आकड्यांतच सांगितलं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी निरोग्याच्या रक्तात मायक्रोलिटरला दीड हजाराच्या वर असतात. त्या ५०० च्या खाली गेल्या की घराला दारं आहेत पण कड्या नाहीत, अशी अवस्था. अशा वेळी पू होत नाही, सूज येत नाही, कारण पू करायलाही पेशीच लागतात. फक्त ताप येतो. तेव्हा थर्मामीटर उशाशी ठेवायचा. १००.४ दिसला की घड्याळ न बघता दवाखाना गाठायचा. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, गोळीने ताप झाकला जातो आणि आत काय चाललंय ते कळत नाही.

हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून काढलं आणि दादाच्या फ्रिजवर चिकटवलं. स्वतःवर खूश होऊन घरी आलो. मग लग्नाला गेलो.

चुलतभावाच्या मुलाचं लग्न. तुळशीचं लग्न लागलं की पुण्यातल्या कार्यालयांना श्वास घ्यायला उसंत नसते, आणि आतल्या माणसांनाही नसते. बंद हॉल, एसी, डीजे. डीजे असला की एकमेकांच्या कानात ओरडून बोलावं लागतं, म्हणजे ज्याला जे द्यायचं ते थेट पोचतं. दुसऱ्या दिवशी रविवार. घसा किंचित खवखवत होता. दादाच्या केमोचा आठवा दिवस. दारातच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आवाज बसलाय का?" मी म्हणालो, "नाही हो, ॲलर्जी आहे." आणि दादाच्या पलंगावर दोन तास बसून, डोक्याला डोकं लावून, मोबाइलवर लग्नाचे एकशे चाळीस फोटो दाखवले.

मंगळवारी रात्री पावणेदोनला वहिनींचा फोन. ताप १०१. मी अर्धवट झोपेत म्हणालो, "तापाची गोळी द्या, सकाळी बघू." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "फ्रिजवर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, भाऊजी. वाचून दाखवू?"

दवाखान्यात पोचल्यावर तासाच्या आत अँटिबायोटिकचं सलाइन सुरू झालं. लढणाऱ्या पेशी ४००. नाकातल्या स्वॅबमध्ये इन्फ्लुएन्झा ए निघाला. पाच रात्री दादा आत, पुढची केमो आठवडाभर लांबली. माझ्या नाकात काय होतं हे कुणी तपासलं नाही. तो संशयाचा फायदा मी आजतागायत घेत आलोय. या सदरात इतरांची उणीदुणी काढताना वाचकांनी एवढं ध्यानात ठेवावं, म्हणजे मलाही लिहायला मोकळं वाटेल.

तर इतर. आपल्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला जातात, पण तो कार्यक्रम आजाऱ्याचा नसतो, जाणाऱ्याचा असतो. हजेरी लावायची असते. 'येऊन गेलो' हे चारचौघांत सांगता आलं पाहिजे. आत्या म्हणते, "डोळ्यांनी बघितल्याशिवाय जिवाला चैन नाही." आत्याच्या जिवाला चैन पडावं म्हणून दादाने झोपेतून उठून शर्ट घालायचा, गाठ कशी सापडली ते नव्याने सांगायचं, आणि वहिनींनी आल्याचा चहा टाकायचा. एका रविवारी अकरा कप. दादा बाराव्याला म्हणाला, "एक रेकॉर्डिंग करून ठेवतो. तुम्ही चहा घ्या आणि ऐका."

जाताना प्रत्येकजण दारात म्हणतो, "काही लागलं तर हक्कानं सांगा." वहिनींनी एकदा सांगितलं. मंगळवारी सकाळी साडेसहाला रक्त तपासायला न्यायचंय, गाडी हवी. पुण्यात मंगळवारी सकाळी साडेसहाला इतक्या लोकांना इतकी महत्त्वाची कामं असतात, हे मला ठाऊक नव्हतं.

फ्लूच्या लशीचं वेगळंच. डॉक्टर म्हणाले, दादाला लस दिली तरी या दिवसांत त्याच्या शरीरात ती जेमतेम चढेल, तेव्हा भोवतालच्यांनी घ्या. घरातले सगळे, येणारे-जाणारे, पोळ्यावाल्या मावशीसुद्धा. सर्वांत आधी मावशींनी घेतली. शिकलेल्यांना शंका असतात. भाचा म्हणाला, "मी मागं एकदा घेतलीय." हा विषाणू दरसाल कपडे बदलतो. पुढच्या मोसमात तो कोणत्या वेषात येईल याचा अंदाज बांधायला जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, बसतात आणि त्यावरून लशीचा मसाला ठरतो. त्यांना वर्षातून दोनदा बसावं लागतं. आमच्या भाच्याला एका टोचणीत निवृत्तीपर्यंत पुरायला हवंय. आणि हाच भाचा रोज सकाळी सुंठ, गवती चहा, दालचिनी, मिरी असा काढा पितो. 'साइड इफेक्ट नको' म्हणून.

याच भाच्याने एकदा, नाक लाल झालेलं असताना, दादाच्या खोलीत शिरता शिरता सांगितलं, "मामी, काळजी नको. कालच अँटिबायोटिक सुरू केलंय, म्हणजे आता माझं कुणाला लागत नाही." केमिस्टकडून तीन गोळ्यांची पट्टी. दोन घेतल्यावर बरं वाटलं, तिसरी पाकिटात. पुढच्या वेळेला.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही हे त्याला सांगायला अलेक्झांडर फ्लेमिंगच यायला हवा. खरं तर येऊन गेला. डिसेंबर १९४५ मध्ये पेनिसिलिनसाठी नोबेल घेताना फ्लेमिंगने भाषणात एक गोष्ट रचून सांगितली. श्रीयुत क्ष यांचा घसा दुखतो. ते स्वतःच पेनिसिलिन आणतात आणि अपुरं घेतात. जंतू मरत नाहीत, औषध पचवायला शिकतात. मग ते शहाणे झालेले जंतू श्रीयुत क्ष बायकोला देतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. फ्लेमिंगचा प्रश्न होता, हिच्या मृत्यूला जबाबदार कोण? ऐंशी वर्षं झाली. श्रीयुत क्ष आमच्या नात्यातले निघाले, आणि तिसरी गोळी अजून त्यांच्या पाकिटात आहे.

दादा दवाखान्यातून घरी आला त्या संध्याकाळी वहिनींनी दारावर पाटी लावली. 'पेशंट बरे आहेत. बरेच राहू द्या. सर्दी असणाऱ्यांनी बेल वाजवू नये. ॲलर्जी असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.' शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते मी विचारलं नाही.

पण पाटी पुण्यात लावली होती. इथं पाटी पाळायची नसते, तिचा आस्वाद घ्यायचा असतो. लोक आले, वाचली, हसले, फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि 'वहिनी, काय झकास लिहिलंय' हे सांगायला बेल वाजवली. एकाने शुद्धलेखनाची चूक दाखवली. आत्याने मात्र पाटी मनाला लावून घेतली. "तुमच्या घरात माणसं नकोशी झाली," असं म्हणून तिने फोन ठेवला तो संक्रांतीपर्यंत उचलला नाही. वहिनी म्हणाल्या, "रागावल्या तर रागावल्या. रुसव्याला सलाइन लागत नाही."

ज्यांना आत घेणं भागच होतं त्यांच्यासाठी दारात मास्कचा खोका ठेवला. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या धास्तीने हेच शहर तोंडाला रुमाल बांधून हिंडत होतं. २०२० नंतरची दोन वर्षं तर सांगायलाच नकोत. एवढी तालीम होऊनही पाहुणे मास्क नाकाखाली लावतात, आणि बोलायची वेळ आली की तोही खाली ओढतात, 'नीट ऐकू जात नाही' म्हणून. उरलेले मास्क गाडीतल्या आरशाला लटकलेत, लिंबू-मिरचीच्या शेजारी.

उपयोगी पडली ती न आलेली माणसं. वरच्या मजल्यावरच्या काकू बारा वाजता दाराच्या कडीला डबा अडकवतात, बेल वाजवत नाहीत, फक्त मिस्ड कॉल देतात. डब्यात मऊ भात, दुधीची भाजी, सगळं गरम शिजवलेलं, कोशिंबीर नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारून घेतलं होतं. दादाचा एक जुना सहकारी मेडिक्लेमची फाइल घेऊन गेला तो परत दिसलाच नाही. दिसले ते त्याचे मेसेज. 'टीपीएची क्वेरी आली, उत्तर दिलं.' 'कॅशलेस मंजूर.' दादाला बघायला तो एकदाही आला नाही. समाजात त्याची नोंद 'साधा बघायलासुद्धा फिरकला नाही' अशी आहे.

या बंदोबस्तात एकाला कुणी विचारलं नव्हतं. दादाला. डिसेंबरच्या मध्यावर त्याने मला फोनवर सांगितलं, "तुम्ही मला जंतूंपासून वाचवलंत. आता या छतापासून वाचवा." छताला किती तडे आहेत ते त्याने मोजले होते. नातू व्हिडिओ कॉलवर येतो, पण तो कॅमेऱ्याला डायनासोरच दाखवतो. वहिनी मास्क लावून जेवण ठेवतात. सतत मास्कमधल्या बायकोकडे बघून, दादा म्हणाला, लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर पुन्हा स्थळ बघायला आल्यासारखं वाटतंय.

त्यात सवाई आलं. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केला, आणि दादा कॉलेजात असल्यापासून त्याला जातो. एकटा नाही, नानाबरोबर. भारतीय बैठक, एक सतरंजी, एक थर्मास. नाना मनापासून ऐकतो, पण त्याची 'वाहवा' कायम एक मात्रा उशिरा पडते. गवई समेवर येतो, मांडव डोलतो, सगळं शांत होतं आणि मग नाना म्हणतो, "क्या बात है." दादाने त्याला इतकी वर्षं कोपराने ढोसलंय, पण सुधारणा शून्य. यंदा नाना एकटा गेला, थंडीत बसला आणि सोमवारी खणखणीत खोकला घेऊन दादाला इत्थंभूत हकिगत सांगायला निघाला. दादाच्या केमोचा दहावा दिवस. वहिनींनी फोनवरच सांगितलं, येऊ नका. नाना म्हणाला, "बरं." आणि आला. पण वर नाही आला. पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या रांगेशी उभा राहिला आणि खालून फोन केला.

दादा गॅलरीत आला. तिसरा मजला, कोवळं ऊन, कानटोपी, शाल. खाली नाना, गळ्यात मफलर. दोघांच्याही कानाला मोबाइल, आणि दोघंही इतक्या मोठ्याने बोलत होते की मोबाइलची गरज नव्हती. कोण कसं गायलं, कुणाचा तंबोरा उतरला, कुणी घड्याळ बघून आटपलं, मांडवात यंदा भजी कशी होती. वॉचमनने खुर्ची ओढून घेतली. मी गॅलरीच्या दाराआड, मास्क लावून, दोन हात लांब उभा होतो. मला आता सगळे लांबच उभं करतात.

मग दादा म्हणाला, "शेवटच्या दिवशीची ती तीनतालातली बंदिश, कशी होती?" नानाने इकडेतिकडे बघितलं आणि स्कूटरच्या सीटवर टेकून गुणगुणायला सुरुवात केली. आवाज घोगरा, पण लय बरी. दादाच्या बोटांची टोकं केमोने बधिर झालीत, म्हणून त्याने कठड्यावर मुठीने मात्रा मोजायला घेतल्या. तेरा, चौदा, पंधरा, सोळा. नानाने तान घेतली, तोंड पकडलं आणि नेमका तिथं त्याला खोकला आला. असा आला की पार्किंगमधलं मांजर पळालं आणि वॉचमन खुर्चीसकट मागे सरकला.

दादाची मूठ कठड्यावर तशीच राहिली.

"नाना," तो फोनमध्ये म्हणाला, "जन्मात पहिल्यांदा समेवर आलास."