वायफाय सोडून सगळं चालतं

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचा निर्णय सहसा लॅपटॉपचा मालक घेत नाही, त्याच्या वतीने दुसरेच कुणी घेते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कालपर्यंत धडधाकट असलेली कितीतरी यंत्रे एका रात्रीत निवृत्तीच्या वयाची ठरली. अशा वेळी घरातला एखादा भाचा पुढे सरसावतो आणि म्हणतो, "मामा, भंगारात देऊ नका. लिनक्स टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

भाचा खोटे बोलत नाही. फायली डिस्कवर उतरायला खरोखरच अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. त्या अर्ध्या तासाच्या आधी काय होते आणि नंतर काय होते, एवढेच तो सांगत नाही.

अडचणीचे मूळ लिनक्सच्या जन्मातच आहे. ऑगस्ट १९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या नव्या सिस्टिमची जाहीर वर्दी दिली, तेव्हाच त्याने स्पष्ट केले होते की ती बहुधा एटी प्रकारच्या हार्डडिस्कखेरीज कशावर चालणार नाही, कारण त्याच्याकडे तेवढीच होती. हार्डवेअर सपोर्टचे धोरण इतक्या प्रामाणिकपणे नंतर क्वचितच कुणी मांडले असेल. ज्याच्याकडे जे यंत्र, त्याने त्याचा ड्रायव्हर लिहायचा, असा हा व्यवहार आहे. कारखानदार विंडोजसाठी ड्रायव्हर स्वतः लिहून देतो. लिनक्ससाठी काही कंपन्या लिहितात, काही माहिती पुरवतात आणि काही मख्खपणे गप्प बसतात. व्यवहार निष्ठुरही आहे. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स जन्मले, त्याचा सपोर्ट २०१३च्या ३.८ आवृत्तीतून काढून टाकण्यात आला, आणि त्याबद्दल टोरवाल्ड्स यांना फारसे वाईट वाटल्याचे दिसले नाही.

पहिली पायरी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, निवडण्याची. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांपैकी काहीही घेतले तरी नवशिक्याचे अडत नाही. अडते ते सल्ला विचारल्यावर. तीन जाणकारांना विचारले की चार नावे येतात, आणि चौथे नाव सांगणारा स्वतः ते वापरत नसतो. डेबियनबद्दल मात्र एक गोष्ट ठाऊक असावी. वायफायच्या चिपला चालू होताना जे फर्मवेअर भरवावे लागते, ते बहुधा कंपनीच्या मालकीचे आणि बंदिस्त असते. डेबियनच्या अधिकृत सीडीत असल्या गोष्टींना वर्षानुवर्षे मज्जाव होता. तत्त्व निष्कलंक राहिले आणि वायफाय बंद राहिले. अखेर २०२२मध्ये सभासदांनी रीतसर मतदान घेतले आणि २०२३च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून फर्मवेअर आत आले. आपले वायफाय लागावे की नाही यावर मतदान झालेली ऑपरेटिंग सिस्टिम, ही डेबियनची ओळख तेवढ्यासाठी तरी लक्षात ठेवावी.

त्यानंतर पेनड्राइव्ह. उतरवून घेतलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली की काम झाले, असा समज सार्वत्रिक आहे. तसे केल्यास पेनड्राइव्हवर एक मोठी फाइल येते, बूट काही होत नाही. रूफस, एचर किंवा व्हेंटॉय यांपैकी एखाद्या साधनाने तो बूटेबल करावा लागतो. लिनक्समधल्या जुन्या जाणत्यांचा मात्र 'डीडी' या आज्ञेवर जीव असतो. ही आज्ञा मुकाट्याने काम करते आणि कसलीही खात्री करून घेत नाही. पेनड्राइव्हऐवजी मुख्य डिस्कचे नाव लिहिले गेले, तर ती तेवढ्याच तत्परतेने मामांचे वीस वर्षांचे फोटो पुसून वर उबंटू लिहिते. जाणकार तिला 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात, आणि तरीही वापरतात. बॅकअप या शब्दाचा खरा अर्थ बऱ्याच घरांत याच पायरीवर कळलेला आहे.

पेनड्राइव्हवरून बूट करण्यासाठी यंत्र सुरू होताच एक विशिष्ट कळ दाबायची असते. ती कुठली यावर कंपन्यांचे एकमत नाही. एफ२, एफ९, एफ१२, डिलीट, एस्केप, सगळे पर्याय प्रचलित आहेत. काही यंत्रांवर एफ१२ चालते, पण आधी एफ२ दाबून आत जाऊन 'एफ१२ चालू दे' असे सांगावे लागते. कोणती कळ ते पडद्यावर लिहून येते, पण ते वाचून होण्याच्या आत विंडोज उघडलेले असते. म्हणून अनुभवी माणूस एका हाताने सगळ्याच कळा बडवत बसतो.

पेनड्राइव्हवरूनच चालणारा लाइव्ह डेस्कटॉप उघडला की थेट इन्स्टॉलवर क्लिक करू नये. आवाज, वायफाय, टचपॅड, कॅमेरा, सगळे तिथेच तपासून घ्यावे. डिस्कला अजून हात लागलेला नसतो आणि माघार घेता येते. हा सल्ला सगळे देतात. पाळणारा अजून आढळलेला नाही.

इन्स्टॉलर उघडल्यावर कित्येकदा डिस्कच दिसत नाही. समोर लॅपटॉप आहे, त्यात विंडोज आहे, म्हणजे डिस्क आहे. पण इन्स्टॉलर म्हणतो, नाही. याचे कारण बहुधा इंटेलचे आरएसटी. बायोसमध्ये डिस्कची व्यवस्था या पद्धतीवर लावलेली असली की ती लिनक्सपासून झाकलेली राहते. ती एएचसीआयवर न्यावी लागते. मात्र हा बदल परस्पर केला की डिस्क लिनक्सला दिसू लागते आणि विंडोज उठत नाही. म्हणून विंडोजची आधी सेफ मोडमध्ये उठायची तयारी करून ठेवावी आणि मग बदल करावा. शिवाय बायोसमध्ये अशी ढवळाढवळ झाल्याचे पाहून बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप, अचानक ४८ अंकी किल्ली मागतो. आपल्या डिस्कवर बिटलॉकर आहे, हे मालकाला त्याच क्षणी प्रथम समजते.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणे, म्हणजे ड्युअल बूट, हा एकाच वाड्यात दोन भाऊबंद नांदवण्याचा प्रकार आहे. भिंत घातली तरी कुरबुरी थांबत नाहीत. विंडोज 'शट डाउन' म्हटल्यावर पूर्ण बंद होतच नाही. 'फास्ट स्टार्टअप'साठी ते अर्धवट झोपते आणि आपल्या खोल्यांना कुलूप घालून ठेवते, मग लिनक्सला त्या फायली नुसत्या पाहता येतात, त्यांत काही लिहिता येत नाही. घड्याळावरून होणारे भांडण तर खास भारतीय अंगाचे आहे. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते, विंडोज स्थानिक वेळ ठेवते. त्यामुळे लिनक्समधून उठून विंडोजमध्ये गेले की सकाळचे नऊ वाजलेले असताना पहाटेचे साडेतीन दिसतात. फरक नेमका साडेपाच तासांचा असतो, एका मिनिटाचाही इकडेतिकडे नाही. उपाय सोपा आहे, लिनक्सला एका आज्ञेत स्थानिक वेळ पाळायला सांगता येते. तरी पुष्कळ लोक आधी घड्याळाचा सेल बदलून आणतात.

इन्स्टॉल पूर्ण झाले, यंत्र पुन्हा सुरू केले आणि पडदा काळा, हा प्रसंग एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांवर इतका घडला आहे की त्यावरचा उतारा तोंडपाठ असलेले लोक गावोगाव सापडतील. सुरू होताना सिस्टिम निवडायला ग्रबची जी यादी येते, तीत 'ई' दाबावे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जावे, तिथे 'नोमोडसेट' असे लिहून एफ१० दाबावे. पडदा उजळतो, अक्षरे हातभर मोठी दिसतात, पण दिसतात. मग आत जाऊन कंपनीचा ड्रायव्हर टाकावा. या कंपनीच्या गुप्ततेवर २०१२मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून मधले बोट दाखवून आपले तांत्रिक मत नोंदवले. दहा वर्षांनी, २०२२च्या मे महिन्यात, एनव्हिडियाने ड्रायव्हरचा कर्नलशी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याशी, बोलणारा भाग खुला केला. बोटाचा आणि या निर्णयाचा संबंध सिद्ध झालेला नाही.

आता मुख्य दुखणे. वायफाय.

वायफाय लागत नाही. ते लागण्यासाठी ड्रायव्हर हवा. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे. इंटरनेटसाठी वायफाय हवे. या फेऱ्यातून सुटायचा मार्ग खिशातच असतो. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की लिनक्सला तो मोबाइल साधे नेटवर्क कार्ड वाटतो आणि नेट सुरू होते. हे माहीत नसलेले लोक दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एकेक पॅकेज पेनड्राइव्हवर आणतात, आणि प्रत्येक पॅकेज आल्यावर त्याला आणखी दोन पॅकेज लागतात असे कळते.

नेट मिळाले तरी कोणता ड्रायव्हर, हा प्रश्न उरतो. लॅपटॉपच्या खोक्यावर लिहिलेले नाव इथे निरुपयोगी आहे, कारण एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळ्या चिपा निघतात. बाजारातल्या यूएसबी डाँगलचेही तेच. तळाशी बारीक अक्षरांत 'व्ही १'च्या जागी 'व्ही २' असले की आत चिप दुसऱ्याच कंपनीची असू शकते. म्हणून थेट चिपलाच नाव विचारावे लागते. लॅपटॉपच्या आतल्या चिपसाठी टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा 'एनएन' जोडून दिली की यादी येते आणि तीत चौकटी कंसात एक जोडी दिसते, उदाहरणार्थ '१४ई४:४३१५'. पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, हे ज्याने एकदा भोगले तो विसरत नाही. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ हा आकडा घेतला आहे, म्हणजे आपल्याच १९७८च्या प्रोसेसरचे नाव. हार्डवेअरच्या यादीत विनोद एवढाच आहे. तो आकडा वायफायसमोर दिसला तर निम्मी काळजी मिटते, कारण इंटेलचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात.

ब्रॉडकॉमची गोष्ट निराळी. तिच्या जुन्या चिपांबद्दल कंपनीने अवाक्षर काढले नाही, तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट पाडले. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिप कशी चालते याचे टिपण लिहिले, दुसऱ्याने मूळ ड्रायव्हरकडे ढुंकून न पाहता नुसत्या टिपणावरून नवा लिहिला. चोरीचा आरोप येऊ नये म्हणून एवढे सोवळे. ड्रायव्हर तयार झाला, पण फर्मवेअर कंपनीचेच लागायचे आणि ते वाटायला परवानगी नव्हती. मग कंपनीच्या ड्रायव्हरमधून ते कापून काढणारा 'फर्मवेअर कटर' आला. मामांचे वायफाय लागण्यामागे एवढा खटाटोप असतो, आणि लागल्यावर मामा म्हणतात, "स्पीड पूर्वीसारखा नाही."

या सगळ्याच्या आधी 'आरएफकिल' ही आज्ञा देऊन पाहावी. तिने 'हार्ड ब्लॉक्ड' असे उत्तर दिले, तर लॅपटॉपच्या कडेला असलेले वायफायचे छोटे बटण सरकलेले असते. ड्रायव्हर तीनदा काढून घातल्यावर ते बटण सापडण्याची प्रथा आहे.

बाकीच्या भागांत फर्मवेअर आणि सिस्टिम यांचा संवाद मनोरंजक आहे. लॅपटॉपचे फर्मवेअर सुरू होताना समोरच्या सिस्टिमला विचारते, 'तू विंडोज आहेस का?' लिनक्स शांतपणे 'हो' म्हणते. 'तू लिनक्स आहेस का?' असे विचारले तर 'नाही' म्हणते. खरे सांगितले तर पंखे, ब्राइटनेस, बॅटरी यांचे न तपासलेले कोड चालू होण्याचा धोका असतो, कारण कारखान्यात सगळी चाचणी विंडोजवरच झालेली असते. ही थाप कर्नलमध्ये अधिकृतपणे लिहून ठेवलेली आहे.

आवाज येत नसेल, तर तो बहुधा एचडीएमआयच्या वाटेने न जोडलेल्या टीव्हीकडे चाललेला असतो. सेटिंगमध्ये आउटपुट बदलावे. बोटाचा ठसा घेणारी चौकट चालली तर चालली. प्रिंटरांत अलीकडचे नेटवर्कवाले बहुतेक आपोआप लागतात. पण झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर वर्षानुवर्षे न मरता बसलेला कॅननचा एलबीपी २९०० हा 'कॅप्ट' नावाची खासगी भाषा बोलतो. त्याचा ड्रायव्हर आहे, टाकताही येतो. मात्र त्याचा एक वेगळा पहारेकरी प्रोग्रॅम पाठीमागे चालू असावा लागतो, आणि तो चालू नसला की प्रिंटर जोडलेला दिसतो, काम स्वीकारतो आणि कागद देत नाही.

मराठी टायपिंगची अडचण आता फारशी उरलेली नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडले की भागते. घोटाळा होतो तो जुन्या फायलींचा. श्रीलिपीत टाइप केलेली गृहनिर्माण सोसायटीची इतिवृत्ते लिनक्समध्ये उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा रतीब दिसतो, आणि 'तुझ्या लिनक्सनं फायली खाल्ल्या' असा ठपका भाच्यावर येतो. फायली शाबूत असतात. युनिकोडपूर्व फाँट नसल्यामुळे ती अक्षरे उघडी पडलेली असतात, त्यांना कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावे.

राहता राहिली झोप. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपला पाहिजे आणि उघडल्यावर उठला पाहिजे, ही माफक अपेक्षा सर्वांत शेवटी पुरी होते. अनेक नव्या लॅपटॉपांतून गाढ झोपेची जुनी सोय काढून टाकलेली आहे. ते डुलकी घेतात आणि बॅगेत तापतात. बायोसमध्ये झोपेच्या प्रकाराचा पर्याय दिलेला असल्यास बदलून पाहावा, नसल्यास झाकण मिटण्याआधी शट डाउन करावे.

एवढे जमल्यावर एके दिवशी अपडेट येते, त्यात नवा कर्नल असतो आणि वायफाय पुन्हा जाते. घाबरू नये. जुना कर्नल पुसलेला नसतो. सुरू होताना ग्रबच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन त्याच्यावर एंटर दाबावे, आणि मामांना काही सांगू नये.