बारा इंची फौज

आमच्या आणि आक्कांच्या घरामध्ये छातीएवढी भिंत आहे. तेरखेड्यातल्या निम्म्या बातम्या या भिंतीवरून जातात, उरलेल्या निम्म्या तिथंच तयार होतात. दिवाळी तोंडावर आली की गावाला मान वर करायला सवड नसते. सोलापूर-धुळे रस्त्याला फटाके घ्यायला गाड्या थांबलेल्या असतात. अशा दिवसांत आक्का शिलाई मशीन सोडून भिंतीशी आल्या, तेव्हाच मी ओळखलं, मामला मोठा आहे.

"ऐकलंस का गं? गुरुजींचा धाकटा बाहुल्या जमवतोय."

"कोण म्हणालं?"

"म्हणायचंय कशाला? काचेचं कपाट केलंय. आत चाळीस-पन्नास बाहुल्या. वय छत्तीस, पुण्यात पगार एवढा, अन् पाव्हणे आले की चहाच्या आधी कपाट दाखवतोय. मागच्या महिन्यात येरमाळ्याकडचे बघून गेले, ते गेलेच."

कपाट मी पाहिलं होतं. फूटभर उंचीचे सैनिक, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश. बुटांना खऱ्या नाड्या, पट्ट्याला उघडणारं बक्कल, बंदुकीचं मॅगझिन निघतंसुद्धा. हात लावायच्या आधी पोरगा म्हणाला होता, "काकू, हात पुसून घ्या." मी आत्ताच धुणं धुऊन आले होते!

"आक्का, बाहुल्या नाहीत त्या. फौजी आहेत."

"बाहुलीला बूट घातले की फौजी होतो व्हय?"

हा सवाल अमेरिकेतही पडला होता. 1964 साली हॅस्ब्रो कंपनीनं जी. आय. जो नावाचा बारा इंची सैनिक काढला. कंपनीला धास्ती एकच, पोराला बाहुली कोणता बाप घेऊन देईल? म्हणून बाहुली हा शब्दच काढायचा नाही असं ठरलं आणि 'अ‍ॅक्शन फिगर' हे नाव निघालं. एकवीस जागी हलणारं अंग, गालावर वण. अंगठ्याचं नख चुकून आतल्या बाजूला आलं होतं. तेही तसंच ठेवलं, कुणी नक्कल केलीच तर सापडावा म्हणून.

"हे बेस केलं," आक्का म्हणाल्या. बाकीचं त्यांना पटलं नव्हतं, नख पटलं. "मी बी गिऱ्हाइकाच्या अस्तराला आतून खुणेचा टाका घालते."

पोराला हे खूळ शाळेत असतानाच लागलं. तेव्हा फनस्कूल कंपनी हॅस्ब्रोच्या साच्यांतून बोटाएवढे जी. आय. जो आपल्याकडं बनवायची, गोव्यातल्या कारखान्यात. आत एक रबराची कडी असायची, तिच्यावरच कंबर आणि पाय तोललेले. कडी तुटली की सैनिकाचे दोन तुकडे. गुरुजींच्या घरात तेव्हा अर्धे सैनिक फार होते, मला आठवतं. परदेशातले हौशी लोक आता हेच गोव्याचे सैनिक शोधत असतात, रंग वेगळे होते म्हणून. गुरुजींनी त्यातले किती भंगारात घातले, हे पोरगा अजून जेवताना काढतो.

"मग आता दुखतंय काय त्याला?"

दुखणं वेगळंच होतं. कपाटात जर्मन होते, अमेरिकन होते, रशियन होते. या आकाराचे सैनिक करणाऱ्या कंपन्यांना जर्मनांचा भारी सोस. हाँगकाँगच्या ड्रॅगन कंपनीचे तर त्याच्याकडं दोन खण भरलेत. आपला मराठा मात्र त्याला विकत मिळेना. त्याला हवा होता नाईक यशवंत घाडगे. माणगावकडच्या पळसगावचा, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा. 10 जुलै 1944, इटलीत टायबर नदीचं खोरं. समोरून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या तुकडीतला तो एकटा उरला. त्यानं धावत जाऊन बॉम्ब टाकला, टॉमी गननं एकाला उडवलं, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदूक उलटी धरून बडवलं. मग दुसरीकडून गोळ्या आल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

"किती वर्षांचा?"

"बावीस."

आक्का थोडा वेळ भिंतीवरचं शेवाळ नखानं काढत राहिल्या.

त्याच संध्याकाळी पोरगा माप घेऊन आक्कांच्या दारात. नुसतं अंग मिळालं होतं, चेहरा तो रंगवणार होता, गणवेश कुणी शिवेना. भिंतीच्या अलीकडून मी सगळं ऐकत होते. ऐकत होते म्हणजे, कपडे वाळत घालत होते.

"छाती छत्तीस असली तर इथं सहा," आक्का हिशोब करत होत्या. "बटन मोहरीएवढं. ते तू आण. अन् टाके? मी इंचात बारा घालते. तुझ्या हिशोबानं बहात्तर व्हायला पाहिजेत. सुई आत जाईल का?"

खरी अडचण कापडाची. माणूस सहापट लहान होतो, सूत होत नाही. नवी खाकी एवढ्याशा अंगावर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, विरत आलेलं कापड लागतं. पोरगा बाजारातले चार नमुने घेऊन आला होता. आक्कांनी चारही बोटांत चोळून परत दिले.

मग त्या आत गेल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज मला आला. मालक एसटीत होते, जाऊन नऊ वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर तो सदरा पसरलेला. खिशावर शाईचा डाग होता.

"खिसा ठेवते," आक्का म्हणाल्या. "मागचा घेर बास होतोय. आन मला सांग, जुलैत तिकडं ऊन असतंय का थंडी?"

"ऊनच असणार."

"मग बाह्या दुमडते. घाम येत असंल त्याला."